मुशीच्या आवाजाची युक्ती

मी रसायनशास्त्राचा पदवीधर. जे मोजता येत नाही, ते मी सहसा लिहीत नाही. तरी हे लिहितोय, कारण ते माझ्याच बाबतीत घडलं. मे १९७४, नागपूर. वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

सीताबर्डीजवळच्या एका कोळसा तपासणी प्रयोगशाळेत मी नुकताच लागलो होतो. तिथे जिन्यापाशी एक फळा होता. कामात कुणाला नवं काही सुचलं की कागदावर लिहायचं, खाली नाव घालायचं आणि तिथे टाचायचं. वाचणाऱ्याने 'वाचले' लिहून सही करायची. चांगला कागद सायक्लोस्टाइल होऊन इतर प्रयोगशाळांना जायचा.

परिचरांनी तिथे लिहायची पद्धत नव्हती.

नत्थूजी मेश्राम आमचे परिचर. कोळसा जाळून राख मोजायच्या चिनी मातीच्या वाट्या, म्हणजे मुशी, भट्टीत ठेवणं त्यांचं काम. ठेवण्याआधी प्रत्येक मूस ते चिमट्याने वाजवत.

टिंग... टिंग... टिंग...

एखादी वाजे, ठक. ती ते बाजूला काढत.

"नत्थूजी, जलतरंग शिकताय का?" मी एकदा थट्टेने विचारलं.

"हासा, भाऊ. टिचलेली मूस तुमच्या भिंगाले दिसत नाही. माह्या कानाले समजते."

मी दोनशे मुशींना शाई लावून पाहिली; मूस टिचलेली असली की शाई भेगेत उतरते आणि रेघ दिसते. अकरा टिचलेल्या निघाल्या. भिंगाने मला सातच सापडल्या होत्या. नत्थूजींनी अकराही काढून ठेवल्या होत्या.

"मंग लिहा ना फळ्यावर," ते म्हणाले. "पण माहं नाव टाकजा, भाऊ. शामलेले सांगीन."

शामला त्यांची मुलगी. मॅट्रिकला होती.

"टाकतो," मी म्हणालो.

कागद सुरेख झाला. खाली मी फक्त माझं नाव घातलं. प्रमुख दाणीसाहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. कागद सगळीकडे गेला. मी नोकरीत कायम होणार, हे जवळपास ठरलं.

नत्थूजींना कुठे वाचता येतंय, असं मी धरून चाललो होतो.

चौथ्या दिवशी सह्यांच्या तळाशी एक नवी ओळ दिसली. सावकाश काढलेली अक्षरं...

वाचले. नत्थू मेश्राम.

त्या दिवशी ते मला म्हणाले, "पाणी आणू का, भाऊ?" एवढंच, रोजच्यासारखं.

नवव्या दिवशी त्यांना ऊन लागलं. त्यातच ते गेले.

त्यानंतरचा सोमवार. दुपारी दोन दहाला वीज गेली. कूलर थांबला.

शांतता...

टिंग... टिंग... टिंग...

मुशींच्या कपाटाकडून.

मी गेलो. कुणी नव्हतं. चिमटा खिळ्याला टांगलेला. हलतही नव्हता.

...ठक.

आवाज जिथून आला, ती वरच्या फळीवरची मूस काढली. शाई लावली.

टिचलेली होती.

मंगळवारी वीज होती, कूलर चालू होता. तरी दोन दहाला आवाज आला. भट्टी गार होती. कपाट सरकवून पाहिलं, उंदीर नव्हता. बुधवारी मी सहकारी केशवला शेजारी बसवलं.

"कायचा आवाज? तुलेबी ऊन लागलं का बे?"

त्याला काही ऐकू येत नव्हतं. मला येत होतं.

रविवारी सकाळी मी जरीपटक्यापलीकडे नत्थूजींच्या घरी गेलो. सगळं कबूल करायचं, असं ठरवून.

दारात शामला होती. मी नाव सांगितलं आणि तिचा चेहरा उजळला.

"तुमीच का ते? बाबा सांगे, माहं नाव फळ्यावर लागलं म्हणून. तुमी लिवलं ना, भाऊ?"

मी खाली वाकून चपला काढू लागलो.

"तो कागद भेटन का आमाले?"

आता बोलायचं होतं. एकच वाक्य.

"देतो," मी म्हणालो. दुसऱ्यांदा दिलेला शब्द.

आत चुलीपाशी कपबश्या मांडलेल्या होत्या. तिथून...

ठक.

शामलाने वळून पाहिलं नाही.

तो कागद मी कधीच दिला नाही. मी कायम झालो. आज सात वर्षं झाली, प्रयोगशाळाही बदलली. आवाज आता रोज येत नाही. कामाच्या कुठल्याही कागदाखाली सही करायला पेन उचललं, की येतो.

म्हणून इथे स्वच्छ लिहितो. ती युक्ती नत्थूजी मेश्राम यांची. माझी नव्हे.

हे लिहून झालं आणि खाली नाव घालायला गेलो. टेबलावर चहाचा रिकामा कप होता...

ठक.

कपाला शाई लावून पाहायचं धैर्य झालं नाही.

खाली नाव घातलेलं नाही.