सातव्या झेंड्यापाशी

सगळे परत आले. मेल्कर काही आला नाही.

हेडविग पुन्हा पुन्हा जंगलाकडं बघत होती. शाळेमागच्या जंगलात दर मंगळवारी नकाशा नि होकायंत्र घेऊन झेंडे शोधत पळायचं, असा त्यांचा खेळ; आणि आज ते झेंडे पहिल्यांदाच तिनं बांधले होते. एकटीनं! तेही नकाशा न उघडता. "लहानपणापासून हुंदडतेय मी इथं," असं ऐटीत सांगून. सातवा झेंडा फक्त लांबच्या मार्गावर होता आणि आज तो मार्ग घेतला होता एकट्या मेल्करनं. तो कधीच चुकत नाही. म्हणजे... चुकली ती?

"झेंडे काढता काढता बघून ये," त्यांची प्रशिक्षक गुनिला ब्लूबेरीचं गरम सूप ओतत म्हणाली. "सापडला की शिट्टी वाजव. आणि सांग त्याला, सूप संपत आलंय."

हेडविग सुसाट निघाली. ओलं शेवाळं, बर्चच्या झाडांची पिवळी पानं... आणि डोक्यात एकच विचार. आता पुन्हा कोण बांधू देणार मला झेंडे?

दलदलीपलीकडं दोन खडक होते, अगदी जुळे. डावीकडच्याला टेकून मेल्कर बसला होता — मस्त आरामात! डोक्यावर नारिंगी-पांढरा झेंडा डुलत होता.

"चुकीच्या खडकाला बांधलाय ना मी?" तिला धाप लागली होती. "खरं सांग."

त्यानं नकाशा पुढं केला. दोघांची डोकी जवळ आली. झेंड्याची जागा दाखवणारं जांभळं वर्तुळ... डाव्या खडकाभोवती. बरोबर! अगदी बरोबर!

"हुश्श!" ती धपकन त्याच्या शेजारी बसली. मग एकदम उसळली, "मग तू काय घरटं बांधत होतास इथं? जीव टांगणीला लागला होता माझा!"

"माझ्यासाठी?"

"झेंड्यासाठी!" ...गाल मात्र तापले.

"सॉरी गं." त्याचेही कान लाल झाले होते. "जो झेंडे बांधतो, तोच काढायला येतो ना... म्हटलं, तू येशीलच. तिकडं सूपाभोवती सगळी गर्दी. आणि मला तुला एकटीला..."

"काय?"

"आवडतेस तू मला. झालं, सांगून टाकलं!"

हेडविगनं शिट्टी फुंकली — इतक्या जोरात, की झाडावरचे कावळे उडाले. लांबून टाळ्या ऐकू आल्या.

तिनं झेंडा सोडून पिशवीत टाकला नि हात पुढं केला.

"पुढच्या मंगळवारी झेंडे तू बांध," ती म्हणाली. "मी हरवते. तू शोधायला ये."