दोराच्या आत

शनिवारी दुपारी बाबांच्या तलवारीचा पट्टा तुटला, म्हणून ओटिलिया खोगीरं शिवणाऱ्याच्या दुकानात गेली. म्हाताऱ्या मालकाच्या जागी त्याचा पुतण्या बसला होता, अल्बीन. बाहेर बर्फ वितळून पन्हळी टपकत होत्या. आत मेणाचा आणि कातड्याचा वास.

"उद्याच्या सभेसाठी?" दोरा दातात धरून त्यानं विचारलं.

आपेंझेल गावात हे विचारायची गरज नव्हती. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी पुरुष आजोबांची तलवार कमरेला लावून चौकातल्या दोराच्या आत उभे राहत आणि हात वर करून मत देत. तलवार हाच मताचा परवाना. बायका दोराबाहेर. त्यांना आत घ्यायचं का, हा प्रश्न उद्या पुन्हा एकदा पुरुषांपुढे येणार होता.

"बाहेरून छान दिसतं," ती म्हणाली. "कोण जांभया देतं, तेसुद्धा."

"मी नाही देणार."

"बघेन की. मावशीच्या खिडकीतून."

"मग तुझ्या बाबांशेजारीच उभा राहतो... शोधत बसायला नको."

ती हसतच घरी आली. बाबांचा उजवा खांदा वर्षभर आखडलेला होता. पट्टा तिनंच त्यांच्या कमरेला लावून पाहिला.

"उद्या काय करू, ओटी? तुला हवंय का ते मत?" त्यांनी विचारलं. "आणि तो शिवणारा पोरगा... बरा आहे का?"

"हात तुमचा, मर्जी तुमची," ती म्हणाली. दुसऱ्या प्रश्नाला तिनं नुसते खांदे उडवले. मागून मिळालेलं मत तिला नको होतं.

रविवारी वारं सुटलं. खिडकीपर्यंत एक शब्द पोचेना. आधी काही हात वर झाले, मग बाकीचे, पण कुठली हाक कशासाठी ते कळेना. त्यातच बाबांचा हात वर गेला. कोट घालताना कण्हणाऱ्या बाबांचा! शेजारी अल्बीनचाही. बायकांना घरची कामं काय कमी आहेत, असं बाबा जन्मभर म्हणत आलेले. तिनं काय समजायचं ते समजून घेतलं. प्रस्ताव पडला.

"पाहिलंस ना?" जेवताना बाबांनी विचारलं.

"पाहिलं," म्हणून ती भांडी घासायला उठली.

सोमवारी सकाळी बाबा गोठ्यात गेले, ते परत आलेच नाहीत.

दफनाला अल्बीन आला तेव्हा तिनं मान फिरवली. पुढे तो रस्त्यात दिसला, की ती शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरायची. घरात उगाचच खिळे साठले.

हिवाळ्याच्या तोंडावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आणि बायकांसाठी दोर उघडला. एप्रिलात ओटिलिया तलवारीऐवजी मताचं कार्ड घेऊन आत शिरली, आणि गर्दीनं ढकलत ढकलत तिला नेमकं अल्बीनच्या कोपराशी आणून उभं केलं.

त्यानं हातातली टोपी चुरगाळली. "तू रागावलीस ते बरोबरच आहे," तो म्हणाला. "मी त्यांना तो हात वर करू द्यायला नको होता."

"नाही म्हणायला बरा वर गेला त्यांचा हात."

"नाही म्हणायला?" तो तिच्याकडे बघतच राहिला. "ओटिलिया, ते हो म्हणत होते. हात ठरेना, म्हणून कोपराखाली मी माझा डावा हात धरला. म्हणाले, खाली येऊ देऊ नकोस रे, ओटी वरून बघतेय... आणि दुसऱ्याच दिवशी ते... मला वाटलं, त्या ताणानंच गेले. म्हणून तू—"

"हृदय कमजोर होतं त्यांचं. कितीतरी वर्षं. वेड्या, एवढं वर्षभर मनात धरून बसलास?"

"तूही बसलीसच की."

तिला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग डोळे भरून आले. मंचावरून हाक आली. आज ती स्पष्ट ऐकू आली. ओटिलियानं हात वर केला.

"हवं होतं, बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. "मला हवं होतं."

पुढचा म्हातारा वळून बघू लागला. अल्बीननं हळूच तिच्या कोपराखाली हात धरला.

"दुखतोय?"

"नाही... पण राहू दे." आणि मग, हात तसाच वर ठेवून, "पोरगाही बरा आहे, बाबा."