बिनघंटेची दोरी

बसा. दार ओढून घ्या, वारं येतंय. आणि मधे मधे 'मग काय झालं' असं विचारायचं नाही. सांगेन तेवढंच ऐकायचं.

मेकॅनिकला तुम्ही ओळखता. आमच्या डेपोतला. हातातला पाना खाली ठेवल्याशिवाय तोंड न उघडणारा. थापा मारायला जी अक्कल लागते ती त्याच्याकडे नाही. त्यानं मला सांगितलं ते मी सांगतोय. पदरचं तिखटमीठ घातलेलं नाही.

तीन वर्षं झाली. फेब्रुवारीची नऊ तारीख, गुरुवार. संध्याकाळी सहाला मेकॅनिक शहरातल्या औषधाच्या दुकानासमोर थर्मास घेऊन उभा होता. थर्मासमध्ये बर्फ. वडिलांच्या, आबांच्या, केमोची एक बाटली न्यायची होती. ती थंड ठेवावी लागते.

"सकाळी होती," दुकानदार म्हणाला. "आत्ताच गेली. रात्रीच्या मालात येईल. थांबा."

थांबा. चार महिने तो हाच शब्द ऐकत होता. आबांचा खोकला जाईना, तेव्हा पहिल्या डॉक्टरनं खोकल्याचं औषध दिलं. दुसऱ्यानं टीबी म्हणून दीड महिना गोळ्या चारल्या. तिसऱ्यानं स्कॅन सांगितलं, तर मशीन बंद. तुकडा काढून तपासायला पाठवला, तर रिपोर्ट आला कुणा बाईचा. या खिडकीवर नाही, पलीकडच्या खिडकीवर. पलीकडचे साहेब जेवायला गेलेत. थांबा. शेवटी कळलं की फुप्फुसाचा कॅन्सर आहे, तोवर गाठ लिंबाएवढी झाली होती. इंजिनातला बिघाड आवाजावरून ओळखणारा माणूस तो. बापाच्या छातीतला आवाज त्याला चार महिने ऐकू येत होता, आणि कुणी बॉनेट उघडायला तयार नव्हतं.

त्यात आबा. आबा म्हणजे एकतीस वर्षं एसटी चालवलेला ड्रायव्हर. हट्टाला तोड नाही. केमोनं केस गेले, बोटं बधिर झाली, शर्टाची बटणं सून लावून द्यायची. पण रात्री उठायचं झालं तर हाक मारायची नाही. दोनदा मोरीत पडले. "हाक का नाही मारली?" विचारलं तर म्हणे, "ड्रायव्हर हाका मारत नसतो."

तीन केमो झाल्या. डॉक्टरनं सहा सांगितल्या होत्या. चौथी शुक्रवारी सकाळी आठला. आणि बुधवारी आबांनी जाहीर केलं की आता बास.

"चौथी चुकवली तर आधीच्या तीन पाण्यात जातील, आबा. डॉक्टर म्हणालेत."

"बेल झाल्याशिवाय मी गाडी हलवत नाही."

"अहो, मी सांगतोय ना चला म्हणून. ही सांगतेय. डॉक्टर सांगतायत."

"तुम्ही सगळे प्रवासी. प्रवाशांच्या आरडाओरड्यावर गाडी निघत नसते."

आता हे बेलचं तुम्हा पोरांना सांगायला हवं. हल्ली गाडीत बझरचं बटण असतं. पूर्वी छताखालून दोरी जायची आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पितळी घंटा. कंडक्टरनं एकदा ओढली तर थांबायचं. कुणी चढतंय, कुणी उतरतंय. दोनदा ओढली तर निघायचं. डबल झाल्याशिवाय चाक फिरवायचं नाही, मग मागे आग लागो. आबांच्या गाडीवर सगळी वर्षं एकच कंडक्टर होता. त्याची डबल अशी कडक वाजायची की आम्ही त्याचं नावच डबल ठेवलं होतं. तोही असाच खोकायचा. तपासून घे म्हटलं की म्हणायचा, रजा नाही. तपासलंच नाही. गेला. त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

तर. रात्री अकराला मेकॅनिकला बाटली मिळाली. तेवढ्यात त्याला फोन आला. फोन मीच केला होता, रात्रपाळीला मीच होतो. शहराबाहेर आमची एक गाडी बंद पडली होती. प्रवासी, ड्रायव्हर, कंडक्टर दुसऱ्या गाडीनं पुढे गेले होते. म्हटलं, तिथंच आहेस तर दुरुस्त कर आणि घेऊन ये. त्यानं मला काय काय ऐकवलं ते सांगत नाही. पण गेला. क्लचची वायर बदलली आणि एकटाच रिकामी गाडी घेऊन निघाला. थर्मास इंजिनाच्या बॉनेटवर तापेल म्हणून मांडीत धरला होता.

रस्ता मोकळा होता. धुकं नाही, काही नाही. तो मनातल्या मनात भांडत होता. दुकानदाराशी, खिडक्यांशी, माझ्याशी. सगळ्यात जास्त बापाशी. ही बाटली नेऊन ठेवायची कुठे? म्हाताऱ्याच्या उशाशी? आठ वाजता उचलून न्यायचं का त्यांना?

डेपोच्या अलीकडे अर्ध्या मैलावर त्यांच्या गल्लीचा कोपरा लागतो. तिथे थांबा नाही. घड्याळात एक चाळीस झाले होते.

ठण्ण.

त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. लहानपणापासून कानात बसलेला आवाज. गाडी थांबली.

मग त्याच्या लक्षात आलं. त्या गाडीला बझर होता. घंटा नव्हतीच.

त्यानं आरशात पाहिलं. सगळी बाकं रिकामी. आतला एकच दिवा चालू.

मागचा फूटबोर्ड करकरला.

आणि गाडी वर आली. माणूस उतरला की मागचे स्प्रिंगचे पाटे हलके होतात. प्रवाशाला ते कळत नाही. मेकॅनिकला बुडाखाली कळतं. कुणीतरी उतरलं होतं. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी.

गल्लीत सातच घरं. शेवटचं त्याचं.

त्याला पळायचं होतं. पाय क्लचवरून उठेना. इंजिन धडधडत होतं. बाहेर कुत्रंसुद्धा नाही...

डबल कुणाला न्यायला आलाय, ते त्याला न सांगता कळलं. एकतीस वर्षं ज्याच्यासाठी घंटा वाजवली, त्याला.

तेव्हा तो भडकला. चार महिन्यांचं सगळं एकदम वर आलं. खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला, "काका! चौथी उद्या आहे! अजून तीन बाकी आहेत! मी सगळीकडे थांबलोय. प्रत्येक दारात थांबलोय. आता तुम्ही थांबा! त्यांना न्यायचं नाही!"

तो आरशाकडे बघत बसला.

पाच मिनिटं. सात...

फूटबोर्ड करकरला. गाडी खाली बसली. एक वजन.

तो श्वास धरून बसला. आता दुसरं वजन पडतंय का... दुसऱ्या माणसाचं...

पडलं नाही.

तरी तो तसाच.

ठण्ण... ठण्ण.

डबल झाल्यावर थांबायचं नसतं. त्यानं इंजिन बंद केलं. थर्मास उचलला आणि गल्लीत पळाला.

घराचं दार लावलेलंच होतं. सुनेनं उघडलं, झोपेतून उठून. आबांच्या खोलीत दिवा होता. आबा खाटेवर बसले होते. अंगात जुना युनिफॉर्मचा शर्ट, बटणं उघडी. मांडीवर दवाखान्याची फाईल.

"आलास? बटणं लाव. बेल झाली."

"आबा... दोन वाजलेत. आठला जायचंय."

"मग सातला लाव. उभा काय राहिलास? बाटली फ्रिजमध्ये ठेव."

तो जवळ गेला. आणि त्याला दिसलं. आबांच्या डोक्यावर, खाटेच्या लोखंडी दांडीला एक दोरी बांधलेली. दांडीवरून खिडकीच्या गजापर्यंत जाऊन तिचं टोक खाली लोंबत होतं.

"ही कुणी बांधली?"

"तू नाही बांधलीस?" आबा म्हणाले. "मी जागा झालो तेव्हा हातात होती."

सुनेनं मान हलवली. तिनं नाही. आबांना तर साधं बटण लावता येत नव्हतं. आणि ती गाठ... तीन वेढे आणि टोक आत दडवलेलं. आमच्या डेपोत तशी गाठ एकच माणूस मारायचा.

मेकॅनिक गाडी घेऊन आला तेव्हा तीन वाजून गेले होते. मी झापायच्या तयारीत होतो. त्याचं तोंड पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

चौथी झाली. पाचवी झाली. सहावी झाली. आबा फाईल घेऊन स्वतः पुढच्या सीटवर बसायचे आणि वाटेत पोराच्या गिअर टाकण्यात चुका काढायचे. हाक मात्र त्यांनी कधीच मारली नाही. मारावी लागली नाही. रात्री आबा दोरी ओढायचे आणि एक घंटा वाजायची. एकच. ती वाजली की मेकॅनिक उठायचा, आबांना हाताला धरून मोरीपर्यंत न्यायचा. सुनेलाही ऐकू यायची. आबा पुन्हा पडले नाहीत.

असे चौदा महिने.

मग एप्रिलमध्ये एका पहाटे, पाचला दहा कमी असताना, घंटा वाजली. सून म्हणाली, "उठा, आबांना जायचंय."

मेकॅनिक उठला नाही. ऐकत पडला होता.

"दोनदा झाली," तो म्हणाला.

...

दिवस वर आल्यावर मी गेलो. घंटा आम्ही दोघांनी शोधली. पत्र्यावर चढून पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, खाटेखाली पाहिलं. दोरीच्या टोकाला काहीच नव्हतं.

दोरी अजून तिथंच आहे. मी हातात घेऊन पाहिली आहे. जिथे हात धरतात, तिथे ती काळी आणि गुळगुळीत झालीय. तीस वर्षं घामट हात लागला की होते तशी.

आबांच्या हाताशी ती चौदाच महिने होती.