सरळ बघणारे राजे

चष्मेवाल्याला छंद एकच होता, आणि त्या छंदाने त्याला वैतागाशिवाय काही दिलं नव्हतं. बायझंटाइन साम्राज्याची तांब्याची नाणी! दिवसभर दुकानात लोकांचे नंबर तपासायचे, आणि घरी आलं की भिंग डोळ्याला लावून मातीने लडबडलेले तुकडे तेलातून काढायचे, ब्रशने घासायचे, पुन्हा तेलात टाकायचे. महिनोन्‌महिने भिजवावं तेव्हा कुठे एखादं नाक दिसायचं. इतिहास मंडळात मात्र त्याला कोणी हिंग लावून विचारत नसे. तिथले प्राध्यापक तर त्याला तोंडावर ‘आमचे भंगारवाले’ म्हणत आणि वर स्वतःच हसत.

घरात तो आणि त्याची मोठी बहीण, दोघंच. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं होतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर ती पलीकडच्या खोलीत पडून होती, पण जीभ शाबूत होती. “तुझ्या त्या बटबटीत डोळ्यांच्या राजांना चष्मे लाव एकदा,” ती म्हणायची. तिचंही खरं होतं. त्याच्या ट्रेमधले सगळे राजे समोरून कोरलेले, नाकासमोर बघणारे. त्या काळची पद्धतच ती.

म्हणून तर ते एक नाणं दिसलं तेव्हा तो खुर्चीतून उठलाच. तेलातून काढलं तेव्हा त्यावरचा राजा चांगला सरळ बघत होता. ट्रेमध्ये ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तर चेहरा किंचित डावीकडे वळलेला. आपलीच नजर चुकली असेल म्हणून त्याने फोटो काढला. फोटोत राजा सरळ! भिंगातून वळलेला आणि फोटोत सरळ. त्याने दिवा बदलला, कॅमेरा बदलला, शेजाऱ्याचा फोन मागून आणला. फोटोत काही केल्या तो मेला वळेचना.

रोज तो थोडा थोडा वळत गेला. एका गालाची कड दिसू लागली, मग कान. चष्मेवाल्याने ट्रे फिरवून ठेवला, तर सकाळी चेहरा पुन्हा त्याच बाजूला. डावीकडे ताईच्या खोलीचं दार होतं.

“दारात कोण उभं असतं रे?” ताईने एकदा विचारलं. कोणी नाही, असं तो भिंगातून डोळा न काढताच म्हणाला. त्या दिवसापासून तिचं जेवण तुटलं, थट्टा बंद झाली. डॉक्टर येऊन गेले. जखम उत्तम भरतेय, मग बाई अशा खंगतायत का, हे त्यांनाही सांगता येईना. खोलीत ओल्या मातीचा आणि जुन्या तेलाचा वास येऊ लागला.

त्याला कळत नव्हतं असं नाही. नाणं घराबाहेर काढायला हवं, हे त्याला केव्हाच उमगलं होतं. पण चेहरा पुरता वळल्याशिवाय प्राध्यापक मानणार नाहीत, पुन्हा हसतील, या एका विचाराने तो आज-उद्या करत राहिला. संग्राहकाची हाव वाईट. ताईने पाणीही नको म्हटलं तेव्हा मात्र त्याला लाज वाटली, स्वतःचा रागही आला. त्याच दुपारी नाणं डबीत घालून त्याने मंडळ गाठलं.

प्राध्यापकांनी भिंग लावलं आणि डबी परत सरकवली.

“सरळच तर बघतोय. झिजलेलं, साधं नाणं आहे.”

त्याने पाहिलं. राजा खरंच नाकासमोर बघत होता. इतके दिवस ताईचा जीव टांगणीला लावला, तो यासाठी? त्याचं डोकंच फिरलं. तुम्हीच ठेवा म्हणून डबी त्यांच्या टेबलावर आपटून तो तडक निघाला. रस्ताभर स्वतःशीच चडफडत होता.

घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. ताई उशीला टेकून बसली होती! चेहऱ्यावर रंग आला होता, आणि तिने चक्क भूक लागली म्हणून सांगितलं. त्याला रडूच फुटणार होतं. ते तिला दिसू नये म्हणून तो बाहेरच्या खोलीत आला, दिवा लावला आणि सवयीने ट्रे उघडला.

सगळेच्या सगळे राजे वळले होते. ताईच्या दाराकडे नाही... त्याच्याकडे. नीट पाहिलं तर त्याच्याकडेही नाही. जरा वर, त्याच्या खांद्यावरून मागे. आणि त्या नाण्याची जागा रिकामी नव्हती. मंडळात सोडून आलेलं नाणं तिथे परत पडलेलं होतं, तेलाने ओलसर. त्याच्यावर चेहराच नव्हता. बोट फिरवलं तर साफ गुळगुळीत.

मातीचा वास दाटला. आतून ताईचा आवाज आला, अगदी हळू.

“बाळा... तू आल्यावर दार लावलंस ना?”

“लावलं, ताई...”

“मग तुझ्यामागून आत आला, तो अजून उभा का आहे? त्याला बसायला तरी सांग.”