हर्षाच्या वहीतला आकस

‘आकस : मनात धरून ठेवलेला राग. वाक्यात उपयोग : माझ्या बाबांच्या मनात मोठ्या आईविषयी आकस आहे.’

पालकांची सही घ्यायला हर्षानं वही पुढे केली होती. ती ओळ वाचली आणि रविंद्रच्या हातातला पेन जागीच थांबला... सोळा वर्षं सदर भागातल्या शाळेत मराठी शिकवताना त्यानं मुलांची असली हजारो वाक्यं तपासली होती, पण एकाही वाक्यापुढे मान खाली घालायची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

“हे कोणी सांगितलं तुले?”

“अर्थ मोठ्या आईनं सांगितला. वाक्य माझं आहे,” सातवीतली हर्षा चाचरत म्हणाली. “ट्यूशन सुटली की मी तिच्याकडे जाते, बाबा. तिले सुईत दोरा ओवून देते. तिले दिसत नाही ना.”

“दिसत नाही? कधीपासून?”

“तुमच्या लग्नाच्या आधीपासूनच कमी होत गेलं. तुम्हाले माहीत नाही?”

नव्हतं माहीत! ज्या भागीरथावहिनीनं, म्हणजे हर्षाच्या मोठ्या आईनं, थोरला भाऊ ताराचंददादा गेल्यावर मागावर बसून, अंधाऱ्या खोलीत बारीक रेशमी काठ विणत धाकट्या दिराला बीएडपर्यंत शिकवलं, तिच्या डोळ्यांचं काय झालं, हे त्या दिराला ठाऊक नव्हतं... त्याला एवढंच ठाऊक होतं की नव्या सुनेनं या घरात पहिल्यांदा नेसायचं ते मोठ्या जावेनं घरच्या मागावर विणलेलं लुगडं, आणि वहिनीनं भरमांडवात प्रेमिलाच्या हातावर दुकानातली साडी ठेवली होती. प्रेमिला काटोलची, परजातीतली. म्हणूनच हा अपमान, असं त्यानं ठरवून टाकलं. एका शब्दानं विचारलं नाही, आणि चौदा वर्षं तिची पायरी चढला नाही.

त्याच दुपारी तो प्रेमिलाला आणि हर्षाला घेऊन गोळीबार चौकातल्या त्या घरी गेला. वहिनी सुपातले तांदूळ बोटांनी चाचपून निवडत होती.

“कोण आहे गा?” त्याच्याकडेच तोंड करून तिनं विचारलं, आणि शरमेनं त्याला धरणी दुभंगावीशी वाटली.

“मी रविंद्र, वहिनी.”

तिचे हात थांबले. “जेवला का?” तिनं विचारलं.

“वहिनी... लग्नातलं लुगडं तुम्ही विणलंच नव्हतं का?”

ती भिंतीला धरत आत गेली आणि पेटीच्या तळाचं एक जांभळं लुगडं आणून त्याच्यापुढे बसली. घडी उलगडली तशी काठाजवळून एक पांढरट रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली दिसली.

“मागाच्या फणीत एक धागा चुकीचा भरल्या गेला. मले दिसलाच नाही गा. चार महिने तसंच विणत राहिली. आदल्या दिवशी शेजारणीनं सांगितलं. नव्या नवरीले खोटं कापड कसं नेसवू?”

“मग मले सांगितलं काहून नाही?”

“डोळे कशानं गेले, हे विचारलं असतं ना तू.”

रविंद्र तिच्या पायांवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडू लागला... ज्या शिक्षणावर तो इतकी वर्षं मिरवला, त्याची किंमत त्याच्या पुढ्यात बसली होती. “मले माफ करा, वहिनी,” एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

प्रेमिला लुगडं घेऊन आत गेली. नेसून बाहेर आली, तेव्हा ती रेघ तिनं मुद्दाम दर्शनी बाजूला घेतली होती. तिनं जावेचं बोट धरून त्या रेघेवर ठेवलं. “पाहा बाई, नेसली मी. आता मंगळवारच्या हळदीकुंकवाले हेच नेसून जाईन.”

घरी परतल्यावर हर्षानं वही पुन्हा पुढे केली. “बाबा, ते वाक्य खोडू का?”

“नको,” रविंद्र हलकेच म्हणाला. “बरोबर लिहिलं तू.”

आणि त्या वाक्याखाली त्यानं आपली पूर्ण नावाची सही केली.