तिसऱ्या मजल्याचा कठडा

हे घडलेलं आहे.

नतेर्सिया फुर्तादो माझ्याबरोबर शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. उगाच काहीबाही बोलणारी बाई नाही ती. तिने मला हे सांगितलं तेव्हा ती घाबरलेली नव्हती. संतापलेली होती.

आणि रात्रबित्र काही नव्हती. अमेरिकेतलं फॉल रिव्हर गाव, नोव्हेंबरातला दुसरा शनिवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. लख्ख ऊन पडलं होतं.

त्याच उन्हाळ्यात तिने आपल्या थोरल्या भावाकडून, गिल्बेर्तोकडून, तीन मजली लाकडी घर विकत घेतलं होतं. नवरा गेल्यापासून पैपै करून साठवलेलं सगळं त्यात घातलं. खाली ती स्वतः राहायची. मधल्या मजल्यावर जुन्या भाडेकरू, इदालिनाबाई. तिसरा मजला रिकामा. तो एकदा भाड्याने गेला की तिच्या म्हातारपणाची काळजी मिटणार होती.

गिल्बेर्तोची अशी आणखी चार घरं होती. किल्ल्या देताना त्याने अक्कलही दिली.

"हे बघ, भाडेकरूशी गोडीगुलाबी नको. दुरुस्ती मागितली की 'बघते' म्हणायचं. तीनदा 'बघते' ऐकलं की माणूस आपोआप गप्प बसतो."

"आणि खरंच काही मोडलं असेल तर?"

"रंग मारायचा. नवी आहेस, शिकशील हळूहळू."

"वरचा म्हातारा कुठे गेला रे?"

"ओनोरियो? गेला मुलीकडे. कटकट्या होता नुसता."

तिने विश्वास ठेवला. सख्खा भाऊ होता.

त्या शनिवारी ती सुपासाठी बटाटे सोलत होती. मागच्या लाकडी जिन्यावरून कुणीतरी उतरायला लागलं.

धप्... धप्... धप्...

पाय आपटत. रागाने.

इदालिनाबाई असं चालत नाहीत. आणि आवाज त्यांच्याही वरून येत होता. तिसऱ्या मजल्यावरून.

नतेर्सियाच्या नकळत मोजणी सुरू झाली. पाच... सहा... सात...

आणि मग... काहीच नाही.

आठवी पायरी वाजली नाही. कुणी परत वर गेलं नाही. नुसती शांतता.

ती बाहेर येऊन वर चढली. जिन्यावर कुणी नव्हतं. पायऱ्यांवर वाळकी पानं पसरली होती. एकही पान चुरलेलं नव्हतं.

रविवारी तेच. सोमवारी तेच. तीन वाजून दहा मिनिटं, सात पायऱ्या, बस.

तिने भावाला फोन लावला.

"थंडीत लाकूड आकसतं," तो म्हणाला.

"लाकूड पाय आपटत उतरतं का रे?"

"बारा वर्षं ते घर मी सांभाळलंय. मला शिकवू नकोस. भाडेकरू बघ आधी!"

गुरुवारी तीनच्या सुमाराला वांदा नावाची एक तरुण बाई वरचं घर बघायला आली. कडेवर आठ महिन्यांची मुलगी. स्वयंपाकघर तिला फार आवडलं.

"कपडे वाळत घालायला जागा आहे का हो मागे?"

"आहे ना. चला, दाखवते."

दोघी मागच्या दाराने जिन्यावर आल्या. वांदा पुढे, नतेर्सिया मागे. पोर आईच्या खांद्यावरून मागे बघत हसत होतं.

एकाएकी ते पोर हसायचं थांबलं.

ते नतेर्सियाकडे बघत नव्हतं. तिच्या मागे बघत होतं...

धप्.

रिकाम्या घराच्या आतून.

धप्... धप्...

पावलं जिन्यावर आली. नतेर्सियाला मागे वळायची हिंमत झाली नाही. तिच्या उजव्या अंगाला लागून काहीतरी खाली गेलं. ओल्या कपड्यांचा वास आला. गार, साबणाचा.

सातव्या पायरीवर जिना वळतो. वांदा तिथेच उभी होती. एका हाताने पोर सावरत तिने दुसरा हात कठड्याकडे नेला.

"गिल्बेर्तो!"

दोघींच्या मधून... पुरुषाचा आवाज. घसा फाटेल असा, चिडलेला.

वांदाने दचकून हात मागे घेतला. पोराला छातीशी दाबून ती भिंतीला चिकटली.

आणि मग कुणीही हात लावलेला नसताना... कठडा हळूच बाहेर झुकला. सबंधच्या सबंध. आणि खाली फरशीवर जाऊन फुटला.

वरून पांढराशुभ्र रंग. आत भुसा झालेलं लाकूड. एवढ्या लांबीला दोन गंजके खिळे.

वांदाचे ओठ पांढरे पडले होते. आवाज कुणाचा, तिने विचारलंच नाही.

"लाज नाही वाटत तुम्हाला? माझं लेकरू आहे कडेवर! असलं घर दाखवता लोकांना?"



वांदा गेल्यावर नतेर्सियाने इदालिनाबाईंचं दार वाजवलं. दार लगेच उघडलं. बाई आत उभ्याच होत्या.

"ओनोरियो मुलीकडे गेलेत ना?" नतेर्सियाने विचारलं.

इदालिनाबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"त्याला मुलगी नव्हती गं. फेब्रुवारीत गेला तो. धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन उतरत होता, वळणावर कठड्याला टेकला आणि त्याच्यासकट खाली पडला. कठडा हलतोय म्हणून सात वेळा सांगितलं होतं त्याने तुझ्या भावाला. माझ्यासमोर. गिल्बेर्तोने पोलिसांना सांगितलं, बर्फावरून घसरला. त्या दिवशी बर्फ नव्हताच. आठवड्याने नवा कठडा म्हणून जुन्याच लाकडाचे तुकडे ठोकले आणि रंग दिला."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"बसले!" म्हातारी एकदम भडकली. "बोलले असते तर त्याने मला घराबाहेर काढलं असतं. या वयात मला कोण घर देतंय? तू देशील?"

संध्याकाळी गिल्बेर्तो आला. फुटलेल्या कठड्याकडे बघून म्हणाला, "कोपऱ्यावरच्या सुताराला सांग. स्वस्तात करेल."

"माणूस मेला रे इथे!"

"ओरडू नकोस. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! आज ते पोर गेलं असतं. नाव माझं आलं असतं. स्वतःच्या बहिणीच्या गळ्यात मारलंस हे?"

"घर बघून घ्यायचं असतं," तो म्हणाला. "तपासून घेतलं नाहीस, ही तुझी चूक."

तिने अंगणातला तुटलेला दांडका उचलला. तो गाडीत बसून गेला म्हणून वाचला.

सुतार तिने चांगला बघितला. कठडा मुळापासून नवा केला, वरपासून खालपर्यंत. बुधवारी दुपारी काम संपलं. तीन वाजता ती स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. आता आवाज थांबेल असं तिला वाटत होतं.

तीन दहा.

धप्... धप्...

पाच. सहा. सात.

आठ.

तिने टेबलाची कड धरली. पावलं वळण घेऊन खाली येत होती. इदालिनाबाईंच्या दारावरून... तिच्या दारावरून... अंगणातून. फाटकाची कडी वर उचलली गेली आणि खाली पडली.

मग सगळं शांत. इतकं, की तिला रडू आलं. सुटला बिचारा, तिला वाटलं.

गिल्बेर्तो पुलापलीकडे राहतो. पायी जायला पावणेदोन तास लागतात.

पाचला पाच कमी असताना तिचा फोन वाजला.

"नतेर्सिया..." तो रडत होता, आवाज ओळखू येत नव्हता. "कुणीतरी उतरतंय इथे. जिन्यावरून. ऐक... ऐकू येतंय का तुला?"

तिला ऐकू येत होतं. धप्... धप्...

तिच्या भावाचं घर बैठं आहे. त्या घराला जिनाच नाही.

"काहीतरी बोल ना गं! काय करू मी?"

ती कानाला फोन लावून ऐकत राहिली. तिकडून फोन बंद झाला.

गिल्बेर्तो जिवंत आहे. त्याने महिन्याभरात चारही घरांचे जिने नवे करून घेतले. तरी रोज दुपारी तीनला तो घरातून निघतो आणि गाडीत जाऊन बसतो, काचा वर करून.  त्याला जे ऐकू येतं ते अजून थांबलेलं नाही, एवढंच त्याची बायको सांगते.

परवा भांडी पुसता पुसता नतेर्सिया मला म्हणाली, "त्या म्हाताऱ्याची मला भीती वाटत नाही. पण त्या दिवशी फोनवर भाऊ रडत होता ना... तेव्हा मला बरं वाटत होतं गं."

तिने हातातलं फडकं घट्ट पिळलं.

"अजूनही वाटतं."