खालून धरलेली तार

दुपारच्या चहाची वेळ टळून गेली होती, बाहेर आभाळ दाटून आलं होतं आणि मी दादासाठी एक घर तपासत होते. पुढचं नीट ऐका. यातलं काहीच मी वाढवून सांगत नाही.

दूर देशी विजेचं इंजिनीअरिंग शिकून मी परत आले ती एका हट्टाने. ओल्या हाताने फ्रीज उघडला म्हणून आपल्याकडे कुणाचा जीव जाता कामा नये. त्यात दादाची लेक नुकती रांगायला लागलेली. "तू हो म्हणालीस तरच घर घेतो," असं तो म्हणाला तेव्हा माझी छाती केवढी फुगली होती.

घर विकणाऱ्या काकू तिथे एकट्याच राहायच्या. नवरा वायरमन, जाऊन बरीच वर्षं झालेली.

"या घरातली तार न् तार ह्यांनी ओढलीय," त्या ताठ मानेने म्हणाल्या. "एवढा मोठा पंजा, पण काम किती नाजूक. भिंतीपलीकडचं टोक मीच धरायचे. पलीकडून दोन झटके आले की समजायचं, पलीकडच्याने धरलंय. आपण टोक धरून उलट दोन झटके दिले की मगच त्याने सोडायचं. तोवर मेलं तरी सोडायचं नाही."

मी मीटर लावला. अर्थिंगचा, म्हणजे गळकी वीज जमिनीत उतरवणाऱ्या तारेचा, आकडा इतका उत्तम, की विश्वास बसेना.

"काय इंजिनीअरबाई, पास का?" दादाने विचारलं.

"खड्डा बघितल्याशिवाय नाही."

मागच्या अंगणात काकूंनी अर्थिंगच्या खड्ड्यावरचं झाकण सरकवलं. ओल्या मातीचा वास आला आणि त्यात मिसळलेला जळक्या तांब्याचा. मेन स्विच बंद करून, रबरी हातमोजे चढवून मी माती उकरली. तिथे जमिनीत ठोकलेला रॉड हवा होता. होता नुसता गंजाचा चुरा. तार त्याच्या शेजारून, कशालाही न जोडलेली, खोल चिखलात उतरली होती. अशा तारेवर तो आकडा येणं शक्यच नव्हतं.

मी ती हलकेच ओढली. ती ताणलेली होती.

मग खालून दोन झटके आले.

"काकू..."

"ह्यांनी धरलंय," त्या अगदी हळू म्हणाल्या. "माती ओली राहावी म्हणून मी खड्ड्यात पाणी घालायला आले की कळतं... मी उत्तर देत नाही. दिलं तर ते सोडतील. मग घराचं काय?"

तार सोडून पळावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्याहून मोठा होता तो अभिमान. मेल्यावरही काम न सोडणारा हा माणूस माझ्याच धंद्यातला होता. त्याला अजून राबवून घेणं मला पटेना.

"माझी भाची यांच्या जिवावर नाही वाढणार," मी म्हणाले. "आता यांना सुट्टी द्या."

गाडीतून तांब्याचा नवा रॉड आणला. दादाने तो धरला, मी घणाचे घाव घातले. घराकडून येणारी तार कापून नव्या रॉडला जोडली; जुन्या तारेचा तुकडा तसाच खड्ड्यात राहिला. पुन्हा मीटर लावला. आकडा आधीइतका देखणा नव्हता, पण माझा होता.

"पास," मी दादाला म्हणाले. मग काकूंकडे वळले. "आता घर मी धरलंय. उत्तर तुम्ही द्या."

त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. "माझ्याच्याने नाही व्हायचं. तूच दे पोरी. धरलंयस तू."

मी दोन झटके दिले.

तार सैल पडली... काकू पायरीवर बसल्या. डोळे वाहत होते, मान मात्र ताठच.

मी तो तुकडा वर ओढून घेतला. टोकाला चिखल थापला होता आणि त्यात घट्ट आवळलेल्या मुठीचे ताजे ठसे होते. मोठ्या पंजाचे असतील असं वाटलं होतं. पण बोटं बारीक होती. मी हातमोजा काढला आणि ठशांवर मूठ ठेवली.

बोटाला बोट जुळलं. "धरलंयस तू," असं काकू म्हणाल्या होत्या.

तोवर त्या तारेला मी उघड्या हाताने शिवलेही नव्हते.